रंगाला मज्जाव

तांबड्या रश्श्यावर तरंगणाऱ्या लाल थेंबांकडं सगळ्यांचं लक्ष जातं. माझं त्या थेंबांच्या मधल्या जागेकडं जातं. ही खोड पीएचडीच्या काळात लागली आणि कोल्हापुरात परत येऊन कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायला लागले तरी गेली नाही. आमच्या आत्याचा यावर जुना आक्षेप आहे. "एवढी शिकलीस, आणि बगत काय बसली होतीस? तर पाण्यावरचा तवंग!" असं ती आल्यागेल्याला ऐकवते. तिचं म्हणणं तंतोतंत खरं असल्यामुळं मला ते खोडूनही काढता येत नाही. आमचा तवंग एका रेणूच्या जाडीचा होता आणि डोळ्यांना दिसायचा नाही, एवढी पुस्ती मी जोडते. "मग बगितलास कसा?" असं मात्र तिनं अजून विचारलेलं नाही. तिनं विचारायची वाट न बघता सांगून टाकते.

आधी रश्श्याचं उरकू. स्वच्छ पाण्यावर खायच्या तेलाचा थेंब टाकला की तो पसरत जातो. रेणूचं एक टोक पाण्याला धरून राहतं, लांब शेपट्या पाण्याला टाळून वर होतात. सगळा पृष्ठभाग असा एकेरी थरानं झाकला गेला की पसरायला जागा उरत नाही, आणि जास्तीचं तेल थेंबाथेंबांनी जमून बसतं. म्हणजे वाटीत आपल्याला दिसतं ते उरलेलं तेल. कामाला लागलेलं तेल थेंबांच्या मधे असतं आणि ते दिसत नाही.

रंकाळ्यावर हेच मोठ्या प्रमाणात बघायला मिळतं. संध्याकाळी वारा अगदी हलका असेल तर पाण्यावर बारीक लहरी उठतात, आणि त्यातच मधेमधे लांबच लांब गुळगुळीत पट्टे असतात. तिथं वारा पडलेला नसतो. शेवाळातून, कुजणाऱ्या पाल्यातून, माणसांनी सोडलेल्या पाण्यातून आलेल्या तेलकट रेणूंचा थर त्या पट्ट्यांवर असतो. लहर उठायला पृष्ठभाग ताणावा लागतो. ताणला की थर तिथं विरळ होतो, तिथला पृष्ठताण, म्हणजे पृष्ठभागाची आकसायची ओढ, वाढतो, आणि शेजारचं पाणी त्या जागेकडं ओढलं जाऊन लहर तिथल्या तिथं मरते. बेंजामिन फ्रँकलिननं लंडनच्या क्लॅपम कॉमनमधल्या तळ्यावर चमचाभर तेल ओतून हेच करून बघितलं आणि अर्धा एकर पाणी आरशासारखं झाल्याचं लिहिलं. ते १७७४ साली रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आलं. अर्धा एकर म्हणजे आपले वीस गुंठे. चमचा पाच मिलिलीटरचा धरा, वीस गुंठ्यांवर पसरा, जाडी येते अडीच नॅनोमीटर. मिलिमीटरचे चार लाख भाग केले तर त्यातला एक. फ्रँकलिननं हा भागाकार केला नाही. रेणू केवढा असतो हे विचारायची तेव्हा रीतच नव्हती.

तो भागाकार शंभरावर वर्षांनी लॉर्ड रॅले या इंग्रज भौतिकशास्त्रज्ञानं केला, आणि त्यासाठी जे वापरलं ते आपल्या प्रत्येक देवघरात असतं. कापूर. शुद्ध घ्या, स्वस्तातल्या वड्यांचा भरवसा नाही. परात अशी धुवा की साबणाचा अंशही राहता कामा नये. नळाचं पाणी भरा आणि कापराचा मोहरीएवढा कण टाका. कण भिरभिरत सुटतो. विरघळताना तो आपल्या भोवतीचा पृष्ठताण कमी करतो, पण सगळ्या बाजूंनी सारखा नाही, म्हणून ज्या बाजूला ताण जास्त उरला तिकडं ओढला जातो. आता डोक्यावरून हात फिरवून ते बोट पाण्याला नुसतं टेकवा. कापूर जागच्या जागी थांबतो. वर्गात हे दाखवलं की मागच्या बाकावरची पोरंसुद्धा उठून पुढं येतात. रॅलेनं १८९० साली विचारलं ते एवढंच, की कापूर थांबवायला कमीत कमी किती तेल पुरतं? त्यानं ८४ सेंटिमीटर व्यासाचा टब घेतला, ऑलिव्ह तेल तोलून टाकलं, आणि उत्तर आलं एका मिलिग्रॅमपेक्षाही कमी. जाडी सुमारे १.६ नॅनोमीटर.

पुढच्याच वर्षी, १८९१च्या जानेवारीत, रॅलेला जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगहून आग्नेस पोकेल्स या बाईंचं पत्र आलं. बाईंना विद्यापीठाची दारं बंद होती. धाकटा भाऊ भौतिकशास्त्र शिकत होता, तो पुस्तकं पुरवायचा. रॅलेच्या बायकोनं पत्राचं इंग्रजी केलं, रॅलेनं ते 'नेचर'कडं पाठवलं आणि मार्चमध्ये ते छापून आलं. ही गोष्ट हल्ली सगळीकडं 'स्वयंपाकघरात भांडी घासता घासता लागलेला शोध' अशी सांगतात. मला ते ऐकून चीड येते. भांडी जगभरच्या बायका घासत आल्या आहेत. पोकेल्सबाईंनी केलं ते वेगळं होतं. पत्र्याच्या उथळ पन्हळीत काठोकाठ पाणी भरून त्यावर आडवी पत्र्याची पट्टी टाकली. पट्टी सरकवली की पुढचा पृष्ठभाग दाबला जातो, मागं कोरा पृष्ठभाग तयार होतो. पृष्ठताण मोजायला बटणाएवढी चकती पाण्याला टेकवून तराजूनं उचलायची. पृष्ठभाग झाडून साफ करता येतो आणि जागा कमी करत नेली की ताण कसा बदलतो हे मोजता येतं, या दोन्ही गोष्टी त्या पट्टीनं एकदम साधल्या. मी ज्या यंत्रावर काम केलं त्यातही तीच पट्टी होती, फक्त टेफ्लॉनची आणि मोटर लावलेली. तिला बॅरिअर म्हणतात. १९१७ साली अर्व्हिंग लँगम्यूरनं हे तंत्र पक्कं केलं, त्याच्या पृष्ठभागांवरच्या कामाला १९३२चं नोबेल मिळालं, आणि त्या पन्हळीला आज जगभर लँगम्यूर ट्रफ म्हणतात. पोकेल्स ट्रफ कुणी म्हणत नाही.

या ट्रफमधून मिळते ती एक रेषा. आडव्या अक्षावर दर रेणूमागं किती जागा, उभ्या अक्षावर पृष्ठदाब, म्हणजे थरामुळं ताण किती कमी झाला ते. आधी थर विरळ असतो, दाब जवळजवळ शून्य. मग रेघ चढायला लागते. काही पदार्थांत मधेच ती आडवी होते, जागा कमी करत गेलं तरी दाब फारसा वाढत नाही. मग एकदम सरळ वर. वाफेचं पाणी होताना असतो तसाच हा आडवा टप्पा, म्हणून इथंही पातळ थरातून दाट थर वेगळा होत असणार, असा कयास होता. काही जण म्हणायचे, हा टप्पा नीट आडवा नाही, किंचित चढा आहे, म्हणजे पदार्थात भेसळ आहे किंवा खरा टप्पाच नाही. यावर काही दशकं वाद झडले. थर मात्र कुणी बघितला नव्हता.

बघायची सोय १९८०च्या आसपास झाली. स्टॅनफर्डला हार्डन मॅक्कॉनेल आणि सहकाऱ्यांनी, म्युनिककडं झाकमान, म्यॉहवाल्ड वगैरेंनी ट्रफ थेट फ्लुओरेसन्स मायक्रोस्कोपखाली आणला. युक्ती सांगायला सोपी आहे. थराच्या पदार्थात शंभरात एखादा रेणू चमकणाऱ्या डायचा, म्हणजे रंगद्रव्याचा, मिसळायचा. डाय मात्र असा हवा की ज्याला स्वतःलाच चरबीच्या शेपट्या आहेत, नाहीतर तो पाण्यात बुडून जाईल. वरून एका रंगाचा प्रकाश टाकायचा, डाय तो शोषून दुसऱ्या रंगाचा परत देतो. ऱ्होडामिन असेल तर हिरवा घेऊन नारिंगी देतो. मधल्या फिल्टरनं हिरवा अडवला की कॅमेऱ्याला फक्त नारिंगी मिळतो.

करायला सोपी नाही. दिवसाचा बहुतेक वेळ धुण्यात जायचा. ट्रफ क्लोरोफॉर्मनं पुसायची, मग अल्कोहोलनं, मग पाणी, पुन्हा पाणी. पाणीही साधं नाही, मशीनवर शुद्धतेचा १८.२ मेगाओहमचा आकडा दिसल्याशिवाय बाटली भरायची नाही. ट्रफ काठाच्या वर फुगेल इतकी भरायची. मग काहीही न टाकता बॅरिअर पूर्ण आत आणायचा. दाबाचा काटा जरा जरी हलला तर पाण्यावर घाण आहे. पंपाला जोडलेल्या बारीक काचनळीनं वरचा पृष्ठभाग ओढून घ्यायचा, फुरफुर आवाज करत पाण्याचा पापुद्रा निघतो, आणि पुन्हा तपासायचं. हातमोज्याचं टोक लागलं, परत पहिल्यापासून. मग सुईएवढ्या सिरिंजनं क्लोरोफॉर्ममधलं द्रावण थेंबाथेंबानं पृष्ठभागाला टेकवायचं. थेंब टेकतो आणि दिसेनासा होतो. पन्नास मायक्रोलीटरमध्ये पन्नास मायक्रोग्रॅम पदार्थ, आणि तेवढ्यावर चारशे चौरस सेंटिमीटर झाकले जातात. क्लोरोफॉर्म उडून जायला पंधराएक मिनिटं थांबायचं. खोली अंधारी, एसी बंद, कारण वाऱ्याच्या झुळकेनंही थर वाहत सुटतो. ट्रफवर झाकण, झाकणाला फक्त लेन्सपुरतं भोक.

आमचा पदार्थ होता डीपीपीसी, पेशींच्या पडद्यात असतात तशा फॉस्फोलिपिडांपैकी, म्हणजे चरबीच्या रेणूंपैकी, एक. बॅरिअर हळूहळू आत यायला लागला की पडद्यावर आधी नुसता उजेड, सगळीकडं सारखा. रेघ आडवी व्हायला लागते त्याच सुमाराला उजेडात काळे टिपके उमटतात. टिपके वाढतात. एकमेकांना चिकटत मात्र नाहीत, साधारण सारखं अंतर राखून बसतात. आणि जरा मोठे झाले की लक्षात येतं, हे गोल नाहीत. कुणी वालाच्या दाण्यासारखा, कुणी तीन हातांचा, आणि सगळे हात एकाच दिशेला वळलेले. आडव्या टप्प्यावरचा वाद इथं मिटला. दोन अवस्था एकाच पृष्ठभागावर शेजारी शेजारी नांदताना समोर दिसत होत्या.

काळं म्हणजे रिकामं नव्हे, हे नवख्या माणसाला पटवायला वेळ लागतो. काळे टिपके हा सगळ्यांत दाट भाग. तिथं रेणूंच्या शेपट्या सरळ होऊन एकमेकींना खेटून उभ्या असतात, दर रेणूमागं जेमतेम अर्धा चौरस नॅनोमीटर. डायचा रेणू अंगानं बोजड. नवरात्रात अंबाबाईच्या रांगेत पाठीवर मोठी सॅक घेऊन कुणी मधेच शिरायला बघावं, तशी त्याची गत. लोक त्याला ढकलत ढकलत बाहेर काढतात. दाट भागातून हाकलला गेलेला डाय पातळ भागात गर्दी करतो आणि तो भाग उजळतो.

या कामाची खरी गंमत आणि खरी अडचण मला इथंच वाटते. आपण ज्याचा अभ्यास करतोय त्याचा फोटो आपल्याकडं कधीच नसतो. फोटो असतो तो डायचा. तो कुठं नाही यावरून आपण बोलतो. मासिकांच्या मुखपृष्ठांवर हे नारिंगी-काळे फोटो फार देखणे दिसतात. माझा मात्र अशा देखण्या फोटोवर चटकन विश्वास बसत नाही. आधी विचारते, डाय किती टक्के घातला होता? दिवा किती वेळ चालू होता? कारण डाय हा तटस्थ पाहुणा नाही. टिपक्यांच्या काठावर तो गोळा होतो, काठाचा ताण बदलतो, आकारही बदलू शकतो. जोरदार प्रकाशात डाय विझत जातो, विझताना त्याचे जे तुकडे होतात ते शेजाऱ्यांशी खोड्या करतात.

आकारांमागचं कारण मॅक्कॉनेलनं उलगडलं. टिपक्याच्या काठाला आकसून गोल व्हायचं असतं. उलट दाट भागातले सगळे रेणू एकाच दिशेनं उभे, प्रत्येकाची धन आणि ऋण विद्युतभाराची टोकं, म्हणजे विद्युत द्विध्रुव, समांतर, म्हणून ते एकमेकांना दूर लोटतात आणि टिपक्याला लांबट व्हायला लावतात. टिपके एकमेकांत मिसळत नाहीत तेही याच कारणानं. चिमूटभर कोलेस्टेरॉल घातलं की काठाचा ताण पडतो आणि टिपक्यांच्या बारीक, लांब, वळत जाणाऱ्या पट्ट्या होतात. बॅरिअर घाईनं ओढला तर नुसत्या फांद्या फुटतात. हातांच्या वळणाचं उत्तर १९८४ साली मिळालं. डीपीपीसीचा रेणू उजव्या-डाव्या हातासारखा दोन रूपांत असू शकतो. एक रूप घेतलं तर टिपके एकीकडं वळतात, दुसरं घेतलं तर दुसरीकडं, आणि दोन्ही समसमान मिसळली तर ठराविक वळण राहतच नाही. रेणूची ठेवण हजारो पटींनी मोठी होऊन डोळ्यांसमोर येते. एवढं थेट इतर ठिकाणी फार क्वचित बघायला मिळतं.

तरी डायचा संशय राहतोच. बाहेरच्यानं सांगितलेलं किती खरं मानायचं? १९९१ साली यावर उतारा निघाला, तोही दोन ठिकाणी एकाच वेळी, पॅरिसमध्ये हेनॉ आणि म्यूनिए, ग्योटिंगेनमध्ये ह्योनिग आणि म्यॉबियस. पाण्यावर सुमारे ५३ अंशांनी विशिष्ट ध्रुवणाचा, म्हणजे एकाच ठराविक दिशेत कंप पावणारा, प्रकाश टाकला तर परावर्तन जवळजवळ शून्य होतं, तो ब्रूस्टर कोन. त्या कोनात कोरं पाणी काळं दिसतं. वर एका रेणूचा थर जरी आला तरी किंचित प्रकाश परततो. डायची गरज नाही. त्यात बघितलं तर टिपके तिथंच, तशाच आकारांचे, फक्त या वेळी दाट भाग उजळ आणि पातळ भाग अंधारा. डायनं खोटं सांगितलं नव्हतं. मात्र ब्रूस्टरची प्रतिमा तेवढी रेखीव नसते, म्हणून जुनी पद्धत टिकून आहे.

हे सगळं माझ्यासाठी बरेच दिवस प्रयोगशाळेतलंच होतं. मग चुलतभावाची मुलगी दिवस भरायच्या बऱ्याच आधी जन्मली. दवाखान्याच्या बाहेरच्या बाकावर वहिनीची आई जप करत होती, आणि डॉक्टर येऊन म्हणाले, "श्वास नीट लागत नाहीये, सर्फॅक्टंट द्यावं लागेल." भाऊ माझ्याकडं बघायला लागला. त्या घरात तो शब्द मला एकटीला माहीत होता. फुप्फुसांतल्या वायुकोशांच्या आतून पाण्याचा पातळ थर असतो. नुसतं पाणी असतं तर त्याच्या जबर पृष्ठताणानं श्वास सोडताना कोश मिटून गेले असते. म्हणून शरीर त्यावर चरबीचा एकेरी थर पसरतं, तेच सर्फॅक्टंट, आणि त्यातला सर्वांत मोठा हिस्सा असतो डीपीपीसी. तोच. श्वास सोडताना तो दाबला जाऊन ताण शून्याजवळ आणतो. गर्भात हा पदार्थ पुरेसा तयार व्हायला चौतिसावा-पस्तिसावा आठवडा उजाडतो. मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी १९५९ साली दाखवलं की अपुऱ्या दिवसांच्या बाळांत नेमकं हेच कमी असतं. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा मुलगा १९६३ मध्ये याच आजारानं दोन दिवसांच्या आत गेला. तेव्हा उपाय नव्हता. १९८० साली जपानमध्ये फुजिवारा यांनी गाईच्या फुप्फुसातून काढलेलं सर्फॅक्टंट दहा बाळांच्या श्वासनलिकेत सोडलं, तिथून उपचार सुरू झाला.

नुसतं डीपीपीसी का चालत नाही, हेही डायच्या फोटोंनीच समजावलं. दाट बेटं ताकद देतात, पण ती ताठर असतात. एकदा दाबली की नीट परत पसरत नाहीत. बेटांच्या मधली उजळ जाळी, जिथं डायला शिरकाव मिळतो, तिथंच सर्फॅक्टंटची प्रथिनं राहतात. जास्त दाब आला की ती जाळी घडी घालून खाली उतरते, थराला धरूनच राहते, आणि श्वास आत घेतला की पुन्हा वर येऊन पसरते. आम्ही प्रयोगशाळेत काळ्या टिपक्यांवर जीव टाकायचो, उजळ भाग म्हणजे पार्श्वभूमी. त्या बाकावर बसून मला त्या पार्श्वभूमीचा फार आधार वाटला. पोरगी आता शाळेत जाते आणि घसा फाडून भांडते.

आमच्या कॉलेजात असा मायक्रोस्कोप नाही, आणि यायची चिन्हंही नाहीत. परवा एका विद्यार्थ्यानं नोटा तपासायचा जांभळा टॉर्च आणला आणि म्हणाला, "मॅडम, डाय टाकून बघूया की." पेनाची हायलायटर शाई त्यानं आणलीच होती. ती पाण्यात विरघळते, थरात राहणार नाही, एवढं त्याचं त्यालाच कळलं. मग तेलात विरघळणारं आणि चमकणारं काय, यावर वर्गात चर्चा झाली आणि एकीनं सांगितलं, हळद. आमच्या शेजारी सांगलीला हळदीची एवढी मोठी बाजारपेठ, आणि मला सुचलं नाही ते तिला सुचलं. तेलात हळद खलवून गाळून घेतली. काळ्या प्लॅस्टिकच्या ट्रेत पाणी, त्यावर काडीनं एक थेंब. दिवे बंद केले. टॉर्चखाली तेलाचे गोल पिवळट हिरवे चमकत होते आणि त्यांच्या मधे नुसता काळोख.

"मधे कायच नाही मॅडम," तो म्हणाला.

तिथले चमकणारे रेणू इतके विरळ असतात की डोळ्याला पुरत नाहीत, त्यासाठीच फिल्टर आणि कॅमेरे लागतात, हे मी सांगणार होते. तेवढ्यात त्याच मुलीनं डबीतून कापराचा कण काढला आणि दोन थेंबांच्या बरोब्बर मधे, काळ्यात टाकला. कण जागचा हलला नाही.

"आता बोल," ती त्याला म्हणाली.